राज्यातली सगळ्यात सडपातळ काउंटी

टॅलमन काउंटीला राज्यातली सगळ्यात सडपातळ काउंटी म्हणून मानपत्र मिळालं, त्या दिवशी कोर्टाच्या सभागृहात घडीच्या दोन खुर्च्या मोडल्या. पहिली समारंभ सुरू व्हायच्या आधी, दुसरी ऐन टाळ्यांच्या कडकडाटात. दुसऱ्या खुर्चीसकट शेरीफचा थोरला भाऊ जमिनीवर आला तेव्हा लोक हसले, तोही हसला, आणि राजधानीहून आलेल्या पाहुण्या बाईंनी काही न पाहिल्यासारखं करून भाषण पुढे चालू ठेवलं.

ओलेटा विकर्स मागच्या भिंतीला टेकून उभी होती. चाळीस वर्षं ती काउंटीची नर्स होती. निवृत्त झाल्यावरही दर बुधवारी जुन्या शाळेच्या इमारतीतल्या दवाखान्यात ती मदतीला जायची. या डोंगरांतल्या एकाही खोऱ्यात असं घर नव्हतं, ज्याची पायरी ती चढली नव्हती. समोरच्या रांगांतल्या पाठी न्याहाळत ती मनाशी म्हणत होती, ही माणसं सडपातळ, तर मग जाड म्हणायचं तरी कुणाला? व्यासपीठाशेजारच्या टेबलावर पावासारखी मऊ, गरम बिस्किटं, त्यांच्यावर ओतायला सॉसेजची दाट ग्रेव्ही आणि पाकासारखा गोड थंड चहा मांडला होता. आनंद साजरा करायचा तर इथली माणसं दुसरं काय मांडणार?

भाषण संपवता संपवता बाईंनी एक वाक्य टाकलं. टॅलमन काउंटीने एवढी प्रगती केली आहे, तेव्हा इथला बुधवारचा दवाखाना फेब्रुवारीपासून डोंगरापलीकडच्या, जास्त गरजू काउंटीत हलवण्यात येईल. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. ओलेटाच्या हातातला कप कलंडला आणि चहा तिच्या बुटांवर सांडला.

बुधवारचा दवाखाना म्हणजे रोवेना पाइक. आहारशास्त्र शिकलेली, चाळिशीतली, बोलायला फटकळ बाई. ती कुणाला उपदेश करत नसे. गावातल्या एकुलत्या एका दुकानात जे मिळतं, त्यातूनच काय रांधायचं ते शेगडी पेटवून दाखवायची. डुकराच्या चरबीशिवाय राजमा शिजतो, यावर ब्रायर फोर्क गावाचा विश्वास बसायला दोन वर्षं लागली होती. आता कुठे बायका यायला लागल्या होत्या. ओलेटाची धाकटी बहीण आयसी असती तर तीही आली असती. पण आयसीच्या वेळी रोवेना नव्हती. शुगरने आयसीचा आधी एक पाय नेला, मग दुसरा, मग तिलाच नेलं. आणि आता ओलेटाच्या भावाची नात टॅम्सी, नऊ वर्षांची पोर, तिच्या रक्तात शुगर चढायला लागली होती. गेल्या वर्षभरात रोवेनाने ती कशीबशी खाली आणली होती. डोंगरापलीकडे जायचं म्हणजे दीड तासाचा वळणावळणांचा रस्ता, आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ. कोण जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी ओलेटाने राजधानीत फोन लावला. या खात्यातून त्या खात्यात असं फिरवत शेवटी तिला आकडेवारीवाल्या एका तरुणाकडे देण्यात आलं. नील हॅबर्ट त्याचं नाव. आवाज नुकतंच मिसरूड फुटल्यासारखा, पण बोलणं अदबीचं. तिने सरळ विचारलं, की आमच्या लोकांना तुम्ही कुठल्या काट्यावर तोललंत? त्यावर तो म्हणाला, काटा कसला, मॅडम, ही वजनं ड्रायव्हिंग लायसन्सवरची आहेत.

 नीलने उत्साहाने समजावलं. पूर्वी नर्सेस घरोघरी पाठवायचो, ते परवडेना. मग फोन करून विचारायला लागलो, तर लोक फोन आपटायचे. पण लायसन्स प्रत्येकाकडे असतं, आणि त्यावर उंची न् वजन आयतं छापलेलं असतं. एक बटण दाबलं की सगळ्या राज्याचा नकाशा तयार, जिथे लोक जाड तिथे लाल, जिथे बारीक तिथे हिरवा. तुमची काउंटी तर पालवीसारखी हिरवी आहे.

"तू कधी इकडे आलायस का, बाळा?" ओलेटाने विचारलं.

"नाही, मॅडम."

"ये एकदा. रविवारी चर्चच्या दारात उभा राहा. तुझ्या नकाशाचा रंग उतरेल."

तो हसला, पण म्हणाला की डोळ्यांनी पाहिलेलं नकाशात भरता येत नाही. वजनं चुकीची असतील तर लोकांनी लायसन्सवर दुरुस्त करून घ्यावीत, त्याला पैसे पडत नाहीत. वर्षअखेरीपर्यंत जेवढं दुरुस्त होईल तेवढं नव्या नकाशात येईल, आणि दवाखान्याचा अंतिम निर्णय नवा नकाशा पाहूनच होईल. मुलगा वाईट नव्हता. तेच जास्त झोंबत होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

लायसन्सचं काम म्हणजे ट्वायलाची खिडकी. ट्वायला ही ओलेटाची भावजय, तिच्या वारलेल्या भावाची बायको आणि टॅम्सीची आजी. काउंटीच्या कचेऱ्या कोर्टाच्याच इमारतीत होत्या; तीस वर्षं तिथल्या तळमजल्यावरच्या त्या खिडकीमागे ती बसत आली होती. केस नीट बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ, आणि समोर येणाऱ्याला नावाने हाक. काउंटीतल्या प्रत्येक पोराने सोळाव्या वर्षी पहिलं लायसन्स तिच्या हातून घेतलं होतं.

ओलेटाने तिला गाठलं आणि विचारलं, की लोक तुला वजन काय सांगतात?

"मी विचारतच नाही," ट्वायला म्हणाली.

"विचारत नाहीस?"

"अगं, मागे रांग उभी असते. त्यात पाद्रीबाबा असतात, खिडकीवरच्या बाईचा जुना मित्र असतो, तिच्या नवऱ्याची पहिली बायको असते. सगळ्यांदेखत बाईला वजन विचारायचं? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही. जुनं लायसन्स असेल तर त्यावरचाच आकडा पुढे चालवते. नवीन असेल तर तोंडाकडे बघून, तिला रात्री झोप लागेल असा आकडा टाकते. तीस वर्षांत माझ्या खिडकीवरून एक बाई रडत गेली नाही."

"आयसी मेली तेव्हा तिच्या पर्समधल्या लायसन्सवर लग्नातलं वजन होतं, ट्वायला."

"हो. ते बघून ती हसायची. शेवटी शेवटी दुसऱ्या कशाला हसत होती ती?"

ओलेटाचा पारा चढला. ती म्हणाली, तुझ्या सभ्यपणापायी दवाखाना चालला. ट्वायला म्हणाली, दवाखाना राजधानीवाल्यांनी हलवला, मला कशाला बोलतेस, आणि टॅम्सीचं म्हणशील तर वयात आली की पोरी आपोआप बारीक होतात. नणंद-भावजय त्या दिवशी एकमेकींकडे पाठ करून निघाल्या, आणि पुढचे दोन रविवार चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

ओलेटाने ठरवलं, ट्वायलाला वगळूनच हे करायचं. चर्चच्या जेवणघरात शनिवारी राजमा आणि मक्याच्या ब्रेडचं जेवण असायचं, तिथे तिने दवाखान्यातला काटा नेऊन ठेवला. आडोशाला एक पडदाही लावला. उठून सगळ्यांना समजावलं, की खरं वजन लिहून घ्या आणि सोमवारी खिडकीवर जाऊन सांगा, नाहीतर रोवेना जाईल. लोकांनी माना डोलावल्या. रोवेना गुणी बाई आहे म्हणाले. राजधानीवाल्यांना अक्कल नाही म्हणाले. मग पाद्रीबाबांची बायको लॉरीन पीचचा केक कापायला उठली आणि सगळे तिकडे वळले. काट्यावर दिवसभरात एकच जण चढला, तो म्हणजे दारातून आत आलेला कुणाचा तरी कुत्रा.

काटा मोटारीत परत ठेवताना ओलेटाला रडू येत होतं, पण ते रागाचं रडू होतं. तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे जास्त लागत होतं. ती सात वर्षांची असताना याच खोऱ्यातल्या शाळेत असाच एक काटा आला होता. तेव्हा सरकार जाड माणसं शोधत नव्हतं, हाडकुळी पोरं शोधत होतं. खाणी बंद पडत होत्या, घरोघरी बटाटे आणि पाण्यासारखी ग्रेव्ही. राजधानीचे डॉक्टर काटा घेऊन आले, आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरेवाले. ज्या शाळेतली पोरं फार बारीक निघतील, त्या शाळेला रोज दूध मिळणार होतं. पण वर्तमानपत्रात आपल्या पोरांच्या बरगड्या छापून येणार, हे आयांना आधी कळलं. तपासणीच्या सकाळी ओलेटाच्या आईने तिच्या कोटाच्या खिशांत दाराच्या दोन लोखंडी बिजागऱ्या घातल्या. कुणाच्या खिशात रेल्वेचे खिळे, कुणाच्या बुटात शिशाचे तुकडे. सगळ्या शाळेचं वजन झकास भरलं. डॉक्टर खूश झाले आणि दूध डोंगरापलीकडच्या शाळेला गेलं. त्या हिवाळ्यात आयसी सतत आजारी असायची. आईने ते बिजागऱ्यांचं पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानणारी ती माणसं. मूठ उघडली तर आत काही नसेल म्हणून नव्हे, तर ती परक्याला का उघडून दाखवायची म्हणून. ओलेटा त्यांच्यातलीच होती, म्हणून तिला त्यांचा इतका राग यायचा.

पुरुषांचं मात्र निभावलं, तेही हसतखेळत. नोव्हेंबरच्या शेवटी हरणाच्या शिकारीचा आठवडा आला. शाळांना सुट्टी, खाणीला सुट्टी, पाद्रीबाबाही बंदूक घेऊन रानात. मारलेलं हरीण तोलायला लोक पेट्रोलपंपावर आणायचे, तिथे साखळीला टांगलेला मोठा काटा होता. ओलेटाने पंपवाल्याला पटवलं आणि एक पाटी लावली: हरीण आणि शिकारी मिळून ज्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याला एक हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली अख्खी मांडी, बक्षीस. मग काय विचारता. जी माणसं चर्चमध्ये काट्याकडे पाठ करून बसली होती, ती दुसऱ्याला ढकलून पुढे येऊ लागली. दोघांच्या खिशांत दगड सापडले. शेरीफच्या भावाने हॅम जिंकला आणि आपलं वजन पंपाच्या काचेवर खडूने लिहून ठेवलं. ओलेटाने सगळ्यांना दम दिला, की हाच आकडा, हरीण आणि दगड वगळून, खिडकीवर सांगायचा, नाहीतर पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. आणि ते गेले. हसत, एकमेकांच्या पोटावर चापट्या मारत गेले.

पण बायका जाईनात. डिसेंबर अर्धा सरला. रोवेनाने भांडी खोक्यांत भरायला सुरुवात केली होती. आणि एका बुधवारी टॅम्सीचं रक्त तपासलं तर शुगर पुन्हा वर. सणासुदीचं खाणं, दुसरं काय. रोवेनाने ट्वायलाला बोलावून शांतपणे सांगितलं, की हिच्याकडे दर आठवड्याला लक्ष दिलं नाही तर चौदाव्या वर्षी ही पोर इंजेक्शनवर असेल.  ट्वायला मोत्याच्या माळेशी चाळा करत बसून राहिली. आयसीचा पहिला पाय कापला तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर तीच तर बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओलेटाला फोन केला. म्हणाली, बायकांना पाठव. मी विचारणार नाही, पण सांगायची सोय करते.

सोय अशी होती. खिडकीजवळ डोळे तपासायचं यंत्र असतं. त्यावर कपाळ टेकवायचं आणि आत दिसणाऱ्या ओळीतले आकडे मोठ्याने वाचायचे. हे तर प्रत्येकाला करावंच लागतं, त्यात लाज कसली? ट्वायलाने ठरवलं, की बाईने यंत्रात तोंड घालून ओळीऐवजी आपलं वजन पौंडांत, एकेक आकडा करून, वाचायचं. दोन, एक, सात. दोन, चार, शून्य. रांगेतल्यांना वाटेल, डोळे तपासतायत. रांगेतल्यांना अर्थातच तसं काही वाटत नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळे छताकडे बघत होते. कुणी म्हणायचं, "नजर चांगली आहे हो तुझी, मेवीस." मेवीस म्हणायची, "आईवर गेलेय." अशी एकेक करत नाताळच्या आत काउंटीतल्या निम्म्याहून जास्त बायका त्या यंत्रात आपलं खरं वजन सांगून गेल्या. ओलेटा बाकावर बसून ते बघत होती. कितीतरी दिवसांनी तिला रात्री झोप लागली.

नव्या वर्षात नकाशा आला नाही. नीलचा फोन आला.

त्याने सांगितलं, की अडचण झाली आहे. एकाच खिडकीवरून, दोन महिन्यांत, एवढी वजनं एकदम वाढलेली पाहून यंत्रणेने ती संशयास्पद ठरवली. नियमाप्रमाणे आमच्या माणसांनी काही जणांना फोन करून खात्री केली. पुरुषांनी आकडे बरोबर सांगितले, उलट थोडे वाढवूनच सांगितले. पण बायकांनी, मॅडम, बायकांनी जुनेच आकडे सांगितले. एक जण म्हणाली, मी त्या खिडकीवर कधी गेलेच नाही. एकीने उलट विचारलं, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का?

ओलेटाने डोळे मिटले. अनोळखी पुरुष, राजधानीतून, फोनवर वजन विचारतो. ट्वायलाच्या यंत्रात सांगणं वेगळं आणि हे वेगळं. त्या बायकांच्या हिशेबी त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. त्या फक्त सभ्यपणे वागल्या होत्या.

नील म्हणाला, माझं विचाराल तर माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण कागद उद्या सकाळी वर जातो. आज पाच वाजेपर्यंत काही बायकांनी जरी फोनवर आकडा कबूल केला, तर मी दुरुस्त्या ग्राह्य धरू शकतो. नाहीतर जुना नकाशा राहील.

ओलेटा मोटार काढून कोर्टात गेली तेव्हा साडेतीन वाजले होते. महिन्याचा शेवट, त्यामुळे ट्वायलाच्या खिडकीवर भलीमोठी रांग. निम्म्या बायका तिने डिसेंबरात यंत्रापाशी पाहिलेल्या. ती रांग ओलांडून पुढे गेली, जे झालं ते ट्वायलाला सांगितलं आणि बाकावर बसली. आवाज कमी ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. रांगेने सगळं ऐकलं. कुणी आपल्या हातमोज्यांकडे बघायला लागलं, कुणी पर्समध्ये काही शोधायला लागलं.

"संपलं," ओलेटा म्हणाली. "मी थकले, ट्वायला. आपल्या लोकांना मरण चालतं, पण आकडा सांगणं चालत नाही. मग मरू देत. माझ्याच्याने आता होत नाही."

ट्वायलाने समोरच्या माणसाचं लायसन्स त्याच्या हातात दिलं. मग तिने रांगेकडे पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"त्या पोराचा नंबर सांग," ती म्हणाली.

तिने टेबलावरचा फोन फिरवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. नीलचं अदबीचं "हॅलो" तळमजल्यावर घुमलं. ट्वायला खुर्चीतून उठून उभी राहिली, चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहते तशी, एक हात माळेवर ठेवून.

"मी ट्वायला विकर्स," ती म्हणाली. "टॅलमन काउंटी. उंची पाच फूट तीन इंच. वजन दोनशे एक्क्याऐंशी पौंड. माझ्या लायसन्सवर एकशे पस्तीस आहे, ते खोटं आहे, आणि ते मीच लिहिलंय. लिहून घेतलंस?"

 हीटरची घरघर तेवढी चालू होती.

"हो, मॅडम," नील म्हणाला. "थँक यू, मॅडम."

"थँक यू राहू दे. फोन ठेवू नकोस."

तिने काचेवर बोटाने टकटक केलं. रांगेत पहिली लॉरीन उभी होती, पाद्रीबाबांची बायको, दोन्ही हातांनी पर्स पोटापुढे धरून. आधी तिचा गळा लाल झाला, मग गाल, मग कान. तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. तिच्या आणि दाराच्या मध्ये सात-आठ माणसं उभी होती, आणि त्यांतलं एकही बाजूला सरकलं नाही. ओलेटा बाकावरून उठली नाही. तिला वाटलं, आता ही निघून जाणार.

लॉरीनने पर्स खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि फोनच्या दिशेने खाली वाकली.

"बाळ," तिने विचारलं, "बूट घालून सांगायचं, की काढून?"